पातीवरच्या बाईला विचारले का?



सोयाबीनचा एकरी खर्च मांडताना आपण बियाणे, खत, फवारणी, खुरपणी असा हिशेब लिहितो. शेतकऱ्याला न विचारता दिल्लीत बसून उत्पादन खर्च ठरवतात, ही आपली जुनी तक्रार. ती खरीच आहे. पण खुरपणीच्या रकान्यात रुपये भरताना, पात धरून बसलेल्या बाईला कितवा महिना आहे, हे आपल्यापैकी कोणी विचारले? मी शेतीची पदवी घेतली, वीस वर्षे नायगावच्या बांधांवरून फिरलो, मातीचे नमुने घेतले, पानांवरचे डाग मोजले. हा प्रश्न मीही कधी विचारला नाही. दिल्लीने आपल्याशी जे केले, तेच आपण घरात करत आलो.

विचारले तर काय कळते, ते गडचिरोलीत दिसले. डॉ. राणी बंग यांनी तिथल्या दोन गावांतील ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १०० पैकी ९२ बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. बाकीच्या दुखणे अंगावर काढत होत्या. सरकारी दप्तराला तेव्हा बाई दिसे ती बाळंतपणात आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत. दुखणे जुनेच होते, विचारणारे नव्हते.

आज दवाखान्यातली बाळंतपणे वाढली आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. चांगलेच झाले. पण त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघाले. आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. घरात शेवटी कोण जेवते? सातव्या महिन्यात हंडा कोण उचलते? लोहाच्या गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून गोळ्या फडताळात पडून राहतात. नर्सबाईंच्या वहीत मात्र ‘गोळ्या दिल्या’ एवढेच असते. खरे काय ते त्या बाईलाच ठाऊक.

बाळंतपणात बाई दगावली, तर घरी जाऊन नातेवाइकांना विचारायचे, कुठे उशीर झाला ते शोधायचे, अशी पद्धत सरकारने २०१० पासून घातली आहे. पद्धत योग्य आहे. पण मेल्यावर जे विचारायचे, ते जिवंतपणी का विचारू नये?

म्हणून जिल्हा बैठकीला येण्याआधी प्रत्येक गावात बाळंत झालेल्या बायांना पाच प्रश्न विचारावेत. बाईनेच बाईला विचारावे, पुरुषांनी ओसरीबाहेर थांबावे, कागदावर नाव लिहू नये.

१. कितव्या महिन्यापर्यंत खुरपले?
२. गोळ्या का थांबवल्या?
३. कळा सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला?
४. गाडीचे पैसे कोणी दिले? (जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात ने-आण मोफत आहे.)
५. बाळंतपणानंतर कितव्या दिवशी रानात गेलात?

ही उत्तरे ग्रामसभेत आणि गावच्या आरोग्य समितीपुढे ठेवू. काही उत्तरे सरकारला जाब विचारतील, काही आपल्याला. दोन्ही ऐकायची तयारी ठेवून या. आणि यंदाच्या तक्त्यात खुरपणीचा आकडा लिहिण्याआधी पातीवरच्या बाईला एकदा विचारा.