फंडांचे अहवाल आणि दलालांची जबाबदारी

‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या शहराने व्यापाराच्या बळावर मिळवली, तेथील बचत आता केवळ सोने, जमीन आणि बँकेच्या ठेवींपुरती राहिलेली नाही. पोलाद, बियाणे आणि मोसंबीच्या उलाढालीतून उरणारा पैसा म्युच्युअल फंडांकडेही वळतो. मात्र कोणता फंड घ्यावा हे सांगणारा अहवाल अनेकदा तो फंड विकणाराच ग्राहकाच्या हाती ठेवतो. अशा अहवालावर कायद्याचा अंकुश किती, हा प्रश्न म्हणूनच मुंबईइतकाच जालन्याचाही आहे.

शेअर्सच्या बाबतीत उत्तर बरेचसे स्पष्ट आहे. ‘सेबी’ने १ सप्टेंबर २०१४ रोजी संशोधन विश्लेषकांसाठी स्वतंत्र नियमावली अधिसूचित केली. अहवालापूर्वी ३० दिवस आणि त्यानंतर ५ दिवस विश्लेषकाने त्या रोख्यात व्यवहार करू नये, स्वतःच्या शिफारशीविरुद्ध खरेदी-विक्री करू नये, कंपनीत एक टक्का वा अधिक मालकी असल्यास किंवा मागील बारा महिन्यांत तिच्याकडून मोबदला मिळाला असल्यास तो उघड करावा, अशी बंधने तिने घातली.

परंतु या नियमावलीचा रोख शेअर बाजारात नोंदलेल्या वा नोंदल्या जाणाऱ्या रोख्यांवर होता. बाजारात व्यवहार होणारे ‘ईटीएफ’ त्यात सहज बसतात. नेहमीच्या मुदतमुक्त फंडांचे युनिट मात्र बाजारात नोंदलेले नसतात. फंडाच्या युनिटधारकांसाठी काढलेली नियतकालिक पत्रकेही ‘संशोधन अहवाल’ या व्याख्येतून वगळण्यात आली. त्यामुळे फंडांची शिफारस करणाऱ्या दलालावर प्रामुख्याने वितरक म्हणून असलेली बंधने लागू होतात. ती अगदीच तोकडी नाहीत. स्पर्धक योजनांवर मिळणारे कमिशन ग्राहकाला सांगण्याचे बंधन २००९ पासून आहे. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून प्रवेश-शुल्क बंद झाले, तर ऑक्टोबर २०१८ मध्ये आगाऊ कमिशनवर बंदी आली. पण हे नियम विक्रीचे आहेत. संशोधनाची शिस्त त्यांतून आपोआप निर्माण होत नाही.

जालन्यासारख्या शहरांत हा भेद अधिक महत्त्वाचा ठरतो. आघाडीच्या ३० शहरांबाहेरून, म्हणजे ‘बी-३०’ भागातून, नवा पैसा आणल्याबद्दल फंड कंपन्यांना २०१८ पासून जादा खर्च आकारण्याची मुभा होती आणि त्यातून वितरकांना अधिक मोबदला दिला जात असे. गैरवापराच्या तक्रारींनंतर ही सवलत मार्च २०२३ पासून स्थगित झाली. गुंतवणुकीचा प्रसार हा हेतू स्तुत्यच होता. पण विक्रेत्याचा लाभ वाढला की त्याच्या ‘अभ्यासा’कडे अधिक डोळसपणे पाहावे लागते, हा धडाही त्यातून मिळाला.

अमेरिकेने हा विषय थेट हाताळला. तेथे २०१७ मध्ये कायदा झाला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये बाजार नियंत्रकाने त्याला अनुसरून नियम केला. दलालांना फंडांवर अहवाल प्रसिद्ध करणे सुलभ झाले; मात्र फंडाच्या स्वतःच्या सल्लागाराला वा त्याच्याशी संलग्न संस्थांना ही सवलत नाकारण्यात आली. आपल्याच मालाची स्तुती संशोधन म्हणून खपवू नये, हे त्यामागील साधे तत्त्व आहे.

हेच तत्त्व येथेही हवे. फंडाची शिफारस करणाऱ्या प्रत्येक अहवालावर दलालाला त्या योजनेतून मिळणारे कमिशन, फंड कंपनीशी असलेले नाते आणि कमी खर्चाच्या ‘डायरेक्ट’ योजनेचा तपशील ठळकपणे छापणे बंधनकारक करता येईल. तोवर गुंतवणूकदाराने नोंदणी क्रमांक तपासणे हिताचे. ‘आयएनएच’ने सुरू होणारा क्रमांक संशोधन विश्लेषकाचा, तर ‘एआरएन’ हा वितरकाचा. सल्ला आणि विक्री यांत गैर काहीच नाही. दोहोंतील सीमारेषा पुसट झाली की मात्र तिची किंमत गुंतवणूकदारालाच मोजावी लागते.