पुरवठादारांची आचारसंहिता उसाच्या फडापर्यंत का पोहोचत नाही?

मागच्या गाळप हंगामात आम्ही काही कार्यकर्ते पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यावर गेलो होतो. ऑफिसच्या भिंतीवर इंग्रजीत एक फलक लावलेला होता. बालमजूर नाहीत, सक्तीचे काम नाही, भेदभाव नाही, कायद्याप्रमाणे मजुरी, सुरक्षित कामाची जागा. कारखान्याची साखर विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीने घातलेल्या या अटी.

तिथून दोन किलोमीटरवर टोळीचा अड्डा होता. एका कोपीसमोर आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसली होती. आईबाप पहाटे चारला फडात गेले होते. संध्याकाळी तिच्या आईला आम्ही त्या फलकाबद्दल विचारले. ती म्हणाली, "कारखान्याच्या आत आमाला कोन सोडतंय? आमचा संमंध मुकादमाशी."

तिने एका वाक्यात जे सांगितले, तेच या लेखात थोडे उलगडून मांडायचे आहे.

हा फलक आला कुठून?

मोठ्या कंपन्या आता बराचसा माल स्वतः बनवत नाहीत, दुसऱ्यांकडून बनवून घेतात. त्या दुसऱ्यांनी कोणते नियम पाळायचे याची यादी म्हणजे 'सप्लायर कोड ऑफ कंडक्ट', पुरवठादारांसाठीची आचारसंहिता. लेव्ही स्ट्रॉस या कपड्यांच्या कंपनीने १९९१ मध्ये अशी संहिता आणली. पुढे नायकेच्या आशियातल्या कारखान्यांवरून टीका झाली आणि बहुतेक मोठ्या ब्रँडनी हीच वाट धरली. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी उद्योग आणि मानवाधिकार यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. आपल्या पुरवठा साखळीत माणसांचे काय होते हे तपासणे ही कंपनीची जबाबदारी आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

या संहितांमधली कलमे वाचायला चांगली आहेत. ती पाळली जातात का, हे बघण्यासाठी ऑडिट होते, ऑडिटवरून प्रमाणपत्र मिळते. पण ऑडिटर एक-दोन दिवस येतो, बऱ्याचदा आधी कळवून येतो, कागद तपासतो आणि कारखान्याच्या माणसांसमोर मजुरांशी बोलतो. त्यातून काय निष्पन्न होते, याचे भयंकर उदाहरण कराचीचे आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून जास्त कामगार गेले. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए ८००० हे सामाजिक जबाबदारीचे प्रमाणपत्र मिळाले होते.

आपल्या साखरेची साखळी

मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'द फुलर प्रोजेक्ट' यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोड मजुरांवर मोठा शोधवृत्तांत छापला. इथली साखर कोकाकोला आणि पेप्सिको यांच्या साखळीत जाते, आणि त्या साखळीत बालमजुरी, बालविवाह, कर्जात अडकलेली मजुरी आणि गर्भपिशवी काढलेल्या बायका आहेत, असे त्यात दाखवले होते. २०१९ मध्ये कोकाकोलाच्याच सल्लागारांना फडात मुले ऊस तोडताना आणि मजूर कर्ज फेडण्यासाठी राबताना दिसले होते, असेही त्यात होते. कोकाकोलाची 'सप्लायर गायडिंग प्रिन्सिपल्स' आणि पेप्सिकोची आचारसंहिता, दोन्हींत सक्तीची मजुरी आणि बालमजुरी मना आहे. साखरेला 'बोनसुक्रो' नावाचे वेगळे प्रमाणपत्रही आहे.

मराठवाड्यातल्या आपल्या लोकांना यात नवे काहीच नव्हते. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या काळात बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरातल्या सुमारे सतरा. पाळीत खाडा झाला तर दंड, फडात ना संडास ना पाणी, दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी खासगी डॉक्टरने कॅन्सरची भीती घालायची. ही साखळी गावोगावी माहीत होती. ती अमेरिकेतल्या पेपरात आली तेव्हा कंपन्यांना दखल घ्यावी लागली, एवढाच फरक.

आता मूळ मुद्दा. राज्यात सुमारे दोनशे कारखाने आणि आठ ते दहा लाख ऊसतोड मजूर असल्याचा अंदाज सांगितला जातो. यातला जवळजवळ कुणीही कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार करतो तो वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' धरून उचल देतो. ही उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जाते. हंगामभर तोडलेला ऊस टनावर मोजून तिच्यातून वळता होतो. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. पण पट्टा पडतो तेव्हा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि बाकी निघाली की ती पुढच्या हंगामावर फिरते.

कंपनी म्हणते, आमचा पुरवठादार कारखाना. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, कारखान्याने दिलेले पैसे मी वाटले. ज्याच्या रानात तोड चालू असते, तो शेतकरी म्हणतो, टोळी कारखान्याने पाठवली. प्रत्येकाकडे कागद आहे आणि त्या कागदावर दुसऱ्याचे नाव आहे. ऑडिटर कारखान्यात येतो तेव्हा बॉयलरवरच्या कामगाराचे हेल्मेट, पगारपत्रक, पीएफ सगळे नीट असते. आम्ही गेलो होतो त्या टोळीतल्या एका तरुणाला ऑडिटची आठवण होती. "सायेब आले व्हते. त्या दिवशी पोरांना फडात आनू नका म्हनून मुकादमानं आदल्या रातीच सांगितलं," तो म्हणाला. अहवालात त्या दिवसाची नोंद बहुधा 'बालमजूर आढळले नाहीत' अशीच झाली असणार.

कायदा आधीपासून आहे

बहुतेक सर्व संहितांत एक कलम असते: पुरवठादाराने स्थानिक कायदे पाळावेत. हे कलम आपण गंभीरपणे वाचले पाहिजे, कारण आपल्याकडचा कायदा कंपन्यांच्या संहितेपेक्षा कडक आहे. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारी आणि सक्तीचे श्रम यांना बंदी घातली आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उचल देऊन माणसाला बांधून ठेवणे गुन्हा ठरवले. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हेही सक्तीचे श्रमच आहेत, आणि मजूर ठेकेदाराचे आहेत असे म्हणून मूळ काम देणाऱ्याला हात झटकता येणार नाहीत. १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. सक्तीचे श्रम दिसले की त्यामागे उचल किंवा तसेच कारण आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नाही हे मालकाने सिद्ध करावे.

अॅट्रॉसिटी कायद्यातही अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाकडून वेठबिगारी करून घेणे गुन्हा आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण लागू आहे. तरीही ऊसतोडीत हे कलम लागलेले आमच्या पाहण्यात आलेले नाही. टोळीत मारहाण झाली तर तक्रार 'उचलीच्या पैशावरून वाद' म्हणून लिहिली जाते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उचल नुसती बंद करा, ही मागणी टोळीतल्या लोकांना मान्य नाही. दवाखाना, लग्न, घराची पत्रे, जुने देणे यांसाठी बँक त्यांना दारात उभे करत नाही. उचल ही त्यांची एकमेव बँक आहे. म्हणून प्रश्न उचलीच्या हिशेबाचा आहे. तो हिशेब मजुराच्या हातात का नाही? आणि तो न फिटला तर माणूस का अडकून राहतो?

जात कोणत्या रकान्यात?

संहितांमधल्या भेदभावाच्या कलमात वंश, लिंग, धर्म, वय, अपंगत्व अशी यादी असते. काहींत जातही आहे. एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्हच्या मूळ संहितेत 'कास्ट' शब्द आहे, एसए ८००० मध्येही आहे. आंतरराष्ट्रीय दलित संघटनांच्या जाळ्याने तर दक्षिण आशियात गुंतवणूक करणाऱ्या कंपन्यांसाठी 'आंबेडकर प्रिन्सिपल्स' नावाची तत्त्वे तयार केली. पण ऑडिटर जात तपासतो कशी? तक्रारवही उघडतो. तिच्यात जातीची तक्रार नसली की भेदभाव नाही असे लिहितो.

कोण ऊस तोडतो, कोण मुकादम होतो, कोण संचालक मंडळावर बसतो, हे तक्रारवहीत सापडत नाही. बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी, भिल्ल, भूमिहीन किंवा कोरडवाहू कुटुंबे फडात दिसतात. कारखान्याची सत्ता ज्यांच्याकडे आहे ते कोण, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. कंपन्यांच्या संहिता दुसऱ्या शत्रूबद्दल थोडेफार बोलतात आणि पहिल्याबद्दल एक शब्द छापून गप्प बसतात.

दिंडीगुलने काय दाखवले

मग संहिता निरुपयोगी आहेत का? आम्हाला तसे वाटत नाही. तमिळनाडूतल्या दिंडीगुलचा अनुभव आपल्या चळवळीत नीट वाचला गेला पाहिजे. तिथल्या एका कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या दलित तरुणीचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला. त्या प्रकरणात तिच्या सुपरवायझरला अटक झाली. तो कारखाना एच अँड एमला माल पुरवत होता, आणि एच अँड एमची संहिता तिथेही होतीच.

दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या टीटीसीयू या युनियनने नवे ऑडिट मागितले नाही. तिने करार मागितला. एप्रिल २०२२ मध्ये युनियन, कामगारांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या संस्था, कारखान्याची मूळ कंपनी ईस्टमन एक्स्पोर्ट्स आणि एच अँड एम यांच्यात बंधनकारक करार झाला. पुढे गॅप आणि पीव्हीएचही त्यात आले. करारात लिंगाबरोबर जातीवरून होणारा भेदभाव स्पष्ट धरला आहे. कामगारांमधूनच निवडलेल्या स्त्रिया प्रत्येक विभागावर लक्ष ठेवत होत्या. तक्रार करणारीवर सूड घेता येत नव्हता. आणि कारखान्याने करार मोडला तर ब्रँडला धंद्याच्या पातळीवर कारवाई करावीच लागणार होती. अमेरिकेच्या कस्टम्स विभागाने जुलै २०२२ मध्ये त्या कारखान्याचा माल अडवला होता. करारामुळे झालेल्या सुधारणा पाहून सप्टेंबरमध्ये तो मोकळा केला.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ब्रँड पळून गेला नाही. बदनामी झाली की कंपनी पुरवठादार बदलते आणि फटका मजुरालाच बसतो. म्हणून आम्ही बहिष्काराच्या बाजूने नाही. कंपनीने टिकून राहावे, भाव वाढवून द्यावा आणि मजुरांच्या संघटनेला उत्तर देण्यास बांधील व्हावे, ही मागणी हवी.

आपल्या हातात काय आहे

ऊस हंगामी आहे, टोळ्या फिरत्या आहेत, त्यामुळे दिंडीगुल इथे जसेच्या तसे उचलता येणार नाही. तरी सुरुवात करता येते. बोनसुक्रो प्रमाणित कारखान्यांची नावे जाहीर असतात. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमाने दरवर्षी सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो, तो कुणीही वाचू शकतो. त्यातली पुरवठा साखळीची माहिती मात्र सेबीने मार्च २०२५ मध्ये ऐच्छिक केली, आणि याविरुद्ध आपल्याकडून आवाज उठायला हवा होता. जर्मनीत २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना साखळीतल्या मानवाधिकारांसाठी जबाबदार धरणारा कायदा आहे आणि बाधित माणूस परदेशातूनही तक्रार करू शकतो. तिकडे तो सैल करण्याचे प्रयत्न चालू आहेत, म्हणून तो वापरायचा असेल तर आताच वापरला पाहिजे.

पण तक्रारीला पुरावा लागतो, आणि तो गावातच तयार होतो. टोळी निघण्याआधी बुद्धविहारात बसून प्रत्येक कोयत्याची नोंद करता येईल. उचल किती, मुकादम कोण, कारखाना कोणता, बरोबर मुले किती, ग्रामसेवकाकडून ओळखपत्र मिळाले का? हंगामात तोडीच्या पावत्यांचे फोटो मोबाइलवर ठेवता येतील. परत आल्यावर मुकादमाच्या वहीशी ताळा घेता येईल. लिहितावाचता येणारे एक पोरगे प्रत्येक टोळीला मिळाले तरी हिशेबाची मक्तेदारी मोडायला सुरुवात होईल.

आपल्यातले बरेच तरुण आज पुण्या-मुंबईत कंपन्यांच्या खरेदी, एचआर आणि ऑडिट विभागांत आहेत. त्यांनाही आमची विनंती आहे. सम्यक आजीविकेत माणसांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. आपल्या टेबलावर येणाऱ्या पुरवठादाराच्या अर्जात 'सक्तीचे श्रम नाहीत' या ओळीपुढे टिक करण्याआधी एक प्रश्न विचारा: हे तुम्हाला कुणी सांगितले, मालकाने की मजुराने? मजुराने सांगितले नसेल, तर ती टिक करू नका.