न दिसणारे धनी

गावाकडे आमची म्हैस एकदा एकाएकी आटली. आजीला कारण लगेच सापडले. कुणाची तरी नजर लागली! मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या, त्या तडतडल्या आणि नजर किती कडक होती याचा हिशेब ओसरीवर झाला. नजर कुणाची, हेही ठरून गेले. ताक न्यायला येणारी शेजारची एकटी बाई! गुरांच्या डॉक्टरांना बोलावणे धाडले ते पाचव्या दिवशी.

यंदा एरिक फ्रँक रसेल या इंग्रज लेखकाची 'सिनिस्टर बॅरिअर' ही विज्ञान कादंबरी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, तेव्हा मला ती म्हैस आठवली. कारण या कादंबरीत माणूस हाच म्हैस आहे. १९३९ साली 'अननोन' नावाच्या अमेरिकन मासिकाच्या पहिल्याच अंकात ही कथा आली. जगातले नामवंत शास्त्रज्ञ एकामागून एक मरू लागतात. तपास करता करता उलगडते, की आपल्या भोवती निळसर प्रकाशाचे गोळे तरंगत असतात. त्यांचे नाव व्हायटन. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत; आयोडीन, मेथिलीन ब्ल्यू आणि मेस्कल यांचे मिश्रण वापरले तरच दिसतात. माणसाचा राग, भीती, दुःख हे त्यांचे खाद्य. ते भरपूर मिळावे म्हणून ते माणसामाणसांत भांडणे लावतात, युद्धे पेटवतात. ज्याला हे कळते त्याच्या मनातला विचार ते वाचतात आणि त्याला मारून टाकतात. आपण गोठ्यातली जनावरे आणि ते आपले धनी!

कल्पना जबरदस्त आहे, यात शंका नाही. पुस्तक मिटल्यावर दोन रात्री मी गच्चीवर झोपलो नाही. परंतु भीती ओसरली तसा एक प्रश्न मनात राहिला. आमच्या वर्गातल्या दोन-तीन मित्रांनाही ही गोष्ट सांगितली, तेव्हा एकजण पटकन म्हणाला, "म्हणजे आपला काही दोषच नाही!" या कादंबरीविषयी मला जे वाटत होते ते त्याने एका वाक्यात सांगितले.

द्वेष आपला नव्हे, कुणीतरी तो आपल्यात पेरतो, असे एकदा मानले की किती हलके वाटते! शिवाय लेखकाने या गोळ्यांच्या चिथावणीने पाश्चात्त्यांवर चालून येणारी फौज आशियातली दाखवली आहे. चिथावणीला बळी पडणारे आपण, आणि डोळे उघडणारे ते. आशियातल्या वाचकाने हे वाचून थोडे थांबावे, असे मला वाटते.

कुणी म्हणेल, अहो, ती कादंबरी आहे, रूपक समजा. समजू या. आपल्या भीतीवर आणि भांडणावर कोण पोसतो, हा तिचा प्रश्न अगदी योग्य आहे. पण हा प्रश्न आपल्याकडे तिच्या चौऱ्याऐंशी वर्षे आधीच विचारला गेला होता. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात एका गरोदर कुणबी बाईला जोशी सांगतो, की तुझ्या होणाऱ्या मुलाला ग्रहाची पीडा आहे. ग्रह कुणाला दिसतो? कुणालाच नाही. परंतु त्याच्या शांतीसाठी जे जेवण घालायचे आणि जी दक्षिणा द्यायची, ती कुणाच्या पदरात पडते हे प्रेक्षकाला स्वच्छ दिसते. नवराबायको कर्जात बुडतात आणि शेवटी प्रौढांच्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही. तृतीय रत्न म्हणजे तिसरा डोळा, म्हणजेच विद्या, असा अर्थ सांगितला जातो. रसेलच्या नायकाला न दिसणारा शत्रू पाहण्यासाठी औषध लागते. फुल्यांच्या कुणब्याला समोर बसलेला माणूस दिसण्यासाठी अक्षरे लागतात. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे हे दुसरे औषध मला अधिक जवळचे वाटते.

याचा अर्थ न दिसणारे असे काही नसतेच, असा मात्र नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्याचा जंतू त्याआधी दोनच वर्षे, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येरसँ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच साली १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. माणसावर जगणारा अदृश्य जीव खराखुरा होता. पण त्याला काचेखाली धरता येत होते, त्याच्यावर लस काढता येत होती. जो जीव काचेखाली कधीच येत नाही, ज्याची फक्त दक्षिणा तेवढी रोख असते, तो वेगळा. हा फरक शिकवण्यासाठीच विज्ञानकथा असते, असे मी मानतो.

आपल्या मराठवाड्यात या दुसऱ्या जातीच्या जिवाचे नाव भानामती. कपडे पेटतात, दगड पडतात, बाया घुमतात. आणि मग कुणा एका बाईकडे बोट जाते. अशा गोष्टींविरुद्ध आयुष्यभर झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या झाडून खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. कादंबरीत सत्य सांगणारा माणूस मरतो, तसा इथेही मेला. मात्र पिस्तूल धरणारे हात प्रकाशाच्या गोळ्यांचे नव्हते.

१९७८ चे उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या गावागावांतून दलितांची घरे जळाली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. आज त्याच विद्यापीठाची पदवी आपण घेणार आहोत. त्या दिवसांबद्दल विचारले तर "बाहेरच्यांनी भडकवले" असे उत्तर मिळते. भडकवणारे असतीलही. पण काडी ओढणारा ज्या घरावर काडी टाकत होता, त्या घरातल्या माणसांना तो नावाने ओळखत होता. या गोष्टीत व्हायटन आणला, की तो माणूस सुटतो. म्हणून मला तो नको आहे.

मित्रहो, असली पुस्तके वाचू नका असे मी म्हणत नाही, जरूर वाचा. वाचनालयात अशी पुस्तके अधिक यावीत, अशी प्राध्यापकांना माझी विनंतीच आहे. फक्त शेवटचे पान संपल्यावर वर आकाशाकडे पाहू नये, आजूबाजूला पाहावे.

आता म्हशीचे राहिले. डॉक्टर आले, कासेला हात लावला आणि म्हणाले, "दगडी झालीय." कासेत जंतू शिरून होणारा हा रोग. म्हणजे न दिसणारे काहीतरी म्हशीला खात होते, हे आजीचे म्हणणे एका अर्थी खरेच होते! सुई टोचली, औषध दिले, काही दिवसांनी म्हैस पुन्हा दूध देऊ लागली. पण शेजारची ती बाई ताक न्यायला परत कधी आली नाही. तिला बोलावून आणावे असे घरात कुणी म्हटले नाही. तेव्हा मी अकरावीत, शास्त्र शाखेत होतो आणि जंतूंचा धडा मला पाठ होता. मीही काही म्हटले नाही.