विश्लेषण : घरच्या संगणकावर ईमेलसाठी पैसे मोजायचे कशाला?

विंडोज १० आणि ११ असलेल्या घरगुती संगणकांवर ‘मेल’ नावाचे साधे ॲप आयते मिळत असे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा पाठिंबा थांबवला. त्यातून मेल पाठवणे आणि घेणे बंद झाले व वापरकर्त्यांना नव्या ‘आउटलुक’कडे वळवण्यात आले. फोनवर वाढलेल्या पिढीला याचा पत्ताही लागला नाही. मात्र निवृत्तीनंतर घरच्या संगणकावर बँक, म्युच्युअल फंड आणि परदेशातील मुलांची पत्रे सांभाळणाऱ्यांची पंचाईत झाली. गल्लीतल्या संगणक दुरुस्तीवाल्याला विचारावे, तर तो ‘ऑफिस टाकून देतो’ म्हणतो. ते बहुतेकदा चोरीचे असते. मग विकत काय घ्यायचे? बहुतेक घरांसाठी उत्तर आहे, काहीच नाही.

ब्राउझर असताना वेगळे सॉफ्टवेअर हवेच का?

दिवसाला दोन-चार मेल फोनवर वाचून सोडून देणाऱ्याला अजिबात नको. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाचे तसे नाही. त्यांना स्वत:चे खाते आणि सोसायटीचे खाते अशी दोन्ही रोज पाहावी लागतात. घरून लहानसा व्यवसाय करणाऱ्यांचेही तेच. याहून महत्त्वाचे कारण जागेचे आहे. गुगल एका खात्याला १५ जीबी मोफत देते, पण ती जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. १ जून २०२१ पासून फोनवरून चढणारे फोटोही त्यात मोजले जातात. म्हणजे नातवंडांच्या वाढदिवसाचे व्हिडीओ आपोआप चढत राहतात आणि एक दिवस मेल येणेच थांबते. जागा संपलेल्या खात्यावर नवे मेल येत नाही आणि जातही नाही. दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिलेल्या खात्यातील मजकूर पुसण्याचा हक्क गुगलने राखून ठेवला आहे. प्राप्तिकर खात्याच्या सूचना आता मेलवर येतात. त्या न पोहोचल्याचा भुर्दंड गुगल भरत नाही.

यावर गुगलचा उपाय म्हणजे जागेचे मासिक भाडे. दुसरा उपाय म्हणजे जुने मेल आपल्या हार्डडिस्कवर उतरवून घेणे आणि त्यासाठीच ईमेल सॉफ्टवेअर लागते.

नवे आउटलुक मोफत आहे, मग अडचण काय?

मोफत आवृत्तीत मेलच्या यादीत जाहिराती दिसतात. त्या नको असतील तर मायक्रोसॉफ्ट ३६५ चे वर्गणीदार व्हावे लागते. वर्षाला काही हजार रुपये, तेही दर वर्षी. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. आउटलुकमध्ये दुसऱ्या कंपनीचे खाते जोडले, तर त्यातील मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही साठवले जातात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये यावरून बराच गदारोळ झाला. कंपनी तशी सूचना पडद्यावर दाखवते, त्यामुळे याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण ती सूचना वाचून ‘पुढे’ दाबणारे किती? आपली पत्रे आपल्याच संगणकावर राहावीत, अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय नाही.

पर्याय कोणता?

थंडरबर्ड. मोझिला परिवारातील या सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. ते पूर्ण मोफत आहे, त्याचा स्रोत खुला आहे आणि त्याचा खर्च वापरकर्त्यांच्या देणग्यांवर चालतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते. दिसायला फारसे देखणे नाही, हेही सांगायला हवे. सेटिंगांची गर्दी पाहून सुरुवातीला बिचकायला होते. ज्यांना ते रुचत नाही, त्यांच्यासाठी ईएम क्लायंट आहे. ते घरगुती वापरासाठी दोन खात्यांपर्यंत मोफत मिळते. मॅकवर ॲपलचे मेल आधीच असते, तिथे शोधाशोध कशाला?

जुने आउटलुक एक्स्प्रेस किंवा विंडोज लाइव्ह मेल अजून जपून ठेवलेल्यांनी मात्र आता ते सोडावे. ३० मे २०२२ पासून गुगलने नुसता पासवर्ड घेऊन खाते उघडणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला दार लावायला सुरुवात केली. ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असा निरोप येतो आणि माणूस बरोबर असलेलाच पासवर्ड बदलत बसतो. थंडरबर्डमध्ये गुगलचेच पान उघडते, तिथे नेहमीसारखे लॉगइन करायचे.

मेख कुठे आहे?

पॉप आणि आयमॅप या दोन पद्धतींत. आयमॅप म्हणजे आरसा. संगणकावर दिसते ते सर्व्हरवरच्या पेटीचे प्रतिबिंब असते. संगणकावर पुसलेले मेल तिथूनही जाते आणि तिथे पुसलेले इथूनही. ‘माझ्याकडे प्रत उतरली आहे’ असे समजून वेबसाइटवर जाऊन सगळे पुसले, तर दोन्हीकडचे जाईल. दहा वर्षांची पत्रे अशी एका क्लिकमध्ये जाऊ शकतात. पॉपमध्ये मेल संगणकावर उतरते. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण काढलेली असेल तर मूळ जागेवरून ते नाहीसे होते, मग फोनवर शोधून सापडत नाही.

घरासाठी आयमॅपच सोयीचे, कारण फोन आणि संगणक दोन्हीकडे सारखेच दिसते. कायमची प्रत हवी असेल तर थंडरबर्डमधील ‘लोकल फोल्डर्स’मध्ये वर्षनिहाय फोल्डर करावेत आणि जुने मेल त्यात कॉपी करावेत. मूव्ह नव्हे, कॉपी. मग इंटरनेट बंद करून त्या फोल्डरमधील पाच-दहा मेल जोडलेल्या फाइलींसह उघडून पाहावेत. ते उघडले तरच वेबसाइटवरचे पुसावे आणि कचरापेटीही रिकामी करावी. त्याशिवाय जागा मोकळी होत नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. खाते जोडताच थंडरबर्ड सगळे मेल उतरवू लागते. दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारपर्यंत संपेल. त्यात जीमेलच्या ‘ऑल मेल’ फोल्डरमुळे तेच पत्र दोनदा उतरते. ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये शेवटचे ३० दिवस एवढीच मर्यादा घालता येते आणि ‘ऑल मेल’ची खूणही काढता येते.

हार्डडिस्कच गेली तर?

मग सगळा उद्योग फुकट. थंडरबर्डचे सर्व मेल एका ‘प्रोफाइल’ फोल्डरमध्ये असतात. सॉफ्टवेअर बंद करून तो फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवला की काम झाले. एक अडथळा अनेकांना येतो. एकेका मेल फोल्डरची एकच मोठी फाइल असते आणि जुन्या फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की ती अडचण सुटते. फॉरमॅट करण्यापूर्वी त्यावर लग्नाचे फोटो नाहीत ना, हे घरात विचारून घ्यावे!

विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक ११ साठी अपुरा असेल तर लिनक्स मिंट मोफत बसवता येते आणि त्यात थंडरबर्ड आधीपासूनच असते. विंडोजवरचा प्रोफाइल फोल्डर तिथे आणला की जुनी पत्रे दिसू लागतात. त्यातील काही मराठी पत्रे इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखी दिसली, तर दोष लिनक्सचा नाही. ती युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. तो मजकूर फॉन्ट कन्व्हर्टरमधून काढला की वाचता येतो.