मास्तराला भाव नाही, तर शाळा पिकणार कशी?



सभेत कुणीतरी "मास्तरांना काय, बसून पगार!" म्हणतो आणि टाळ्या पडतात. मीही पूर्वी वाजवल्या आहेत. आता वाजवत नाही.

हिशेब मांडू. २००० साली सरकारने 'शिक्षण सेवक' ही युक्ती काढली. नव्या मास्तराला पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना ३,००० रुपये. वाढत वाढत २०२३ च्या जानेवारीपासून ते १६,००० झाले. म्हणजे दिवसाला ५३३ रुपये. या हजेरीवर कोल्हापुरात गवंडी थापी उचलत नाही. आपला ऊस लुटीच्या भावाने मागणारे आणि मास्तराचे शिक्षण हजेरीच्या भावाने मागणारे वेगळे नाहीत.

मी शेतीशास्त्राचा माणूस. बेणेमळ्यातले नऊ-दहा महिन्यांचे रसरशीत बेणे लावा, खोडव्याचे कांडे लावू नका, असे गावोगाव सांगत फिरलो. मास्तरांचा बेणेमळा म्हणजे डी.एड. कॉलेज. त्यांच्या परवानग्यांची खैरात झाली, कुत्र्याच्या छत्र्यांसारखी कॉलेजे उगवली. पुढे भरती थांबली आणि तीच ओस पडली. त्यावर टीईटी. २०१९-२० च्या परीक्षेत पैसे देऊन पास झाल्याचे उघडकीला आले, २०२२ मध्ये साडेसात हजारांवर उमेदवारांवर कारवाई झाली. रान गहाण टाकून शिकलेल्या आपल्या पोरीने कशाच्या भरवशावर मास्तरीण व्हायचे?

आलेला टिकेल म्हणता? शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडकडच्या डोंगरात जा. एका वाडीत (नाव सांगत नाही, मास्तरालाच नोटीस जाईल) पहिली ते चौथी एकच मास्तर. तो मतदार यादीच्या कामाला गेला की शाळेला कुलूप, पोरे म्हसरांमागे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असे २००९ चा कायदा सांगतो. त्या मास्तराला वाडीत राहायला खोली नाही आणि एसटीचा भरवसा नाही. पोरांची नावे पाठ होतात तोवर तो बदलीचा अर्ज भरतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही भरला असता.

याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. आज बाप पोर धाडतो, सरकार मास्तर धाडत नाही. आता दंड कुणाला?

आपल्यातल्याही काही पुढाऱ्यांची पोरे इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमधून जातात. त्यांना झेडपीच्या शाळेचे दुखणे कसे कळणार?

म्हणून जिल्हा बैठकीत ठराव मांडतोय. मानधन बंद, पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार. डोंगरात राहणाऱ्या मास्तराला खोली आणि जादा भत्ता. यादीची कामे दुसऱ्या कुणाला द्या. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात, म्हणजे आपणच. येताना आपापल्या शाळेतली मंजूर पदे किती, भरलेली किती, हे मुख्याध्यापकांकडून लिहून आणा. पाटी कोरी घेऊन येऊ नका.