तिकिटावरची वेळ आणि आईचे औषध

मुलगा-सून लंडनला असली की एक दिवस आईच्या नावाचे विमानाचे तिकीट येते. त्यावर असते : मुंबईहून सुटणार दुपारी २ वाजता, लंडनला पोहोचणार संध्याकाळी ७ वाजता. घरातले म्हणतात, पाच तासांचा तर प्रवास! इथेच फसगत होते.

दोन्ही वेळा त्या त्या शहरातल्या घड्याळाच्या असतात. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास व हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. म्हणजे उन्हाळ्यातला हा प्रवास साडेनऊ तासांचा झाला. जवळच्या हवाई मार्गाने अंतरच सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. परतताना उंचावरून पूर्वेकडे वाहणारे वारे पाठीशी असल्याने बहुधा थोडा वेळ वाचतो.

आईला मधुमेह असेल, तर हा हिशेब जिवाचा आहे. विमानतळावरचे तीन तासही त्यात धरा. जेवणाच्या व इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. खालच्या सामानात ते गोठू शकते. आणि उतरेपर्यंत आईच्या मनगटावर मुंबईचीच वेळ राहू द्या.