'दुर्मिळ' लिहिण्याआधी नाणं उलटून बघा

स्मारक नाण्यांचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय: "सर, शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं आहे, किती लाख मिळतील?"

थेट सांगतो, लाख विसरा. १९९९ चं ते अकरा बाजूंचं नाणं चलनासाठीच काढलं होतं. अजून लोकांच्या डब्यांत सापडतं.

गेल्या महिन्यात विरारला माझ्या ट्रॉफी-मेडलच्या दुकानात एक रिटायर्ड काका आले. अशाच नाण्याचे पाच लाख देतो म्हणून कोणीतरी फोन केला. आधी रजिस्ट्रेशनचे साडेतीन हजार, मग टॅक्सचे नऊ हजार. काकांनी भरले. असे व्यवहार आपण करत नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय. काकूंना अजून सांगितलेलं नाही म्हणाले.

त्या भामट्यावर राग आहेच, पण आपल्यावर, दुकानदारांवर जास्त आहे. 'दुर्मिळ', 'लिमिटेड एडिशन' हे शब्द स्वस्त कोणी केले? मी स्वतः वसई किल्ल्याची पितळी मेडल्स 'लिमिटेड' म्हणून विकली. दोनशे काढली, संपली, परत दोनशे काढली. एका गिऱ्हाईकाने दुसऱ्या खेपेचं मेडल काउंटरवर ठेवून विचारलं, "लिमिटेड म्हणजे नक्की किती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

किंमत कशावर उभी असते ते बघा. गांधी जन्मशताब्दीचं १९६९ चं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. म्हणजे १२ ग्रॅम चांदी. बाजार पडला तरी तेवढा भाव कुठे जात नाही. त्यावर जे मिळतं ते स्थितीचं आणि टांकसाळीचं. सालाखाली चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. आणि पितांबरी लावून घासलंत की संग्राहक हात मागे घेतो. (शिवराईसारखं शंभर वर्षांपलीकडचं नाणं परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही, कायदा १९७२ चा आहे. ऑनलाइन विकणाऱ्यांनी लक्षात ठेवा.)

नाशिकची नारोशंकराची घंटा बघायला लोक का जातात? धातूसाठी नाही. १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या वसई विजयाची आठवण म्हणून ती सांगितली जाते. वस्तू कुठून आली हे सांगता आलं, की ती जपली जाते.

आता माझ्या मेडलच्या मागे '२०० पैकी ४७' असा आकडा कोरलेला असतो. नगाला पंधरा रुपये जास्त पडतात. दोनशे झाली की डाय कापून टाकतो, तेही गिऱ्हाईकासमोर. पहिल्यांदा कापताना जिवावर आलं, ऑर्डर समोर होती ना!

काकांनी निघताना विचारलं, "मग हे नाणं ठेवू का?" म्हटलं, ठेवा की, नातवाला द्या. फक्त घासू नका. आणि काकूंना आजच सांगा, उद्या तोच माणूस त्यांना फोन करेल.